बूटपॉलिशच्या डब्यांचे हेडफोन

माझी नात पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. "आजोबा, ऑफिसात घालून बसायला हेडफोन घ्यायचाय. फार महाग नको. मागून बंद असलेला घे म्हणतात सगळे. कुठला घेऊ?" मी विचारलं, "ऐकायचंय काय तुला?" तर म्हणते, "तसं काही नाही हो. शेजारची माणसं फार बोलतात."

मला हसू आवरेना. ती रुसली. पण हसू तिचं नव्हतंच. पन्नास वर्षांपूर्वी सोलापुरात साखर पेठेतल्या माझ्या दुकानात एका माणसानं हीच मागणी केली होती, आणि मी त्याला चक्क वेड्यात काढलं होतं. दिवाळी अंकवाल्यांनी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' म्हणून टुमणं लावलंच आहे, तर तेच सांगतो. आयुष्यभर किती रेडिओ दुरुस्त केले ते वाचण्यात कुणालाच रस नसतो. मलाही नाही.

मी मूळचा सोलापूरजवळच्या वळसंगचा. घरात कानडी, दुकानात मराठी, पेठेतल्या विणकरांशी तेलुगू आणि भंगारवाल्यांशी दखनी, असा माझा चार भाषांचा संसार होता. लोक मला रेडिओमास्तर म्हणत. दुकान एवढंसं. मी आत बसलो की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, असा सोयीचा आकार. काम रेडिओ दुरुस्तीचं. पण लष्करी भंगारात हेडफोन मिळाले की मी तेही दुरुस्त करून विकत असे. त्या काळी सोलापुरात हेडफोन म्हणजे विमान चालवणाऱ्यानं घालायची वस्तू, असा समज होता. त्यामुळं जो विकत घ्यायचा तो दुकानातून बाहेर पडताना थोडा विमानात बसल्यासारखाच चालायचा.

हेडफोन दोन जातींचे. उघड्याच्या वाटीला मागं भोकं असतात. त्यात गाणं मोकळं, गोड लागतं. पण ते शेजाऱ्यालाही फुकट मिळतं, आणि शेजाऱ्याचा खोकला आपल्याला. बंद हेडफोनची वाटी मागून पक्की असते. आतलं आत, बाहेरचं बाहेर. कामाच्या जागी बसून ऐकायचं तर बंदच घ्यावा. घेताना पहिली बघायची ती गादी, म्हणजे कानाभोवती टेकणारी कड. ती नीट टेकली नाही तर आतलं यंत्र कितीही भारी असो, पैसे पाण्यात. मग दाब बघायचा. सैल असला तर गोंगाट आत शिरतो, घट्ट असला तर तासाभरात डोकं पिळून निघतं. आणि मग वजन. चकाकी सर्वांत शेवटी, आणि जमलं तर बघूच नये. आमची गिऱ्हाइकं बरोबर उलट्या क्रमानं बघत. पुष्कळ जण तर कानाला न लावताच आरशात बघून पसंत करत.

बंद हेडफोनची एक खोड मात्र मी प्रत्येकाला सांगायचो. तो घातला की आपला स्वतःचा आवाजही आपल्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत ओरडून बोलतो. हे कुणीही मनावर घेत नसे. एका बँकेतल्या कारकुनानं टेस्ट मॅचसाठी बंद हेडफोन नेला. ट्रान्झिस्टर खणात, हेडफोन डोक्यावर आणि वरून सर्दीच्या नावाखाली मफलर. पहिले दोन दिवस निर्विघ्न पार पडले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक चौकार बसला आणि हा गृहस्थ आपण मनातल्या मनात बोलतोय अशा समजुतीनं "हाणला बे!" म्हणून गरजला. काउंटरवरच्या म्हातारीच्या हातातलं पासबुक पडलं. मॅनेजर केबिनमधून तरातरा बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, आता याची नोकरी गेली. मॅनेजरनी हळूच विचारलं, "स्कोर काय झाला?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या दुकानात. म्हणाले, "मला केबिनमध्ये वापरायचाय, तेव्हा जरा साहेबाला शोभेल असा दाखवा." कारकुनाला दिला होता तसलाच मी त्यांना पुसून दिला.

असो. ही झाली चिल्लर गिऱ्हाइकं. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अंबादासशेठ.

अंबादासशेठचा आमच्याच पेठेत चादरी आणि टॉवेलांचा कारखाना होता. खाली माग, वर घर. ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना पाहिला नाही त्यांना तिथल्या आवाजाची कल्पना द्यायची म्हणजे कठीणच. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी ठोकळा, या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, तिकडं आपटतो, परत येतो, परत आपटतो. असे पंचवीसएक माग एका पत्र्याखाली. तिथं माणसं बोलत नाहीत. ओठ वाचतात आणि हातवारे करतात. शेठला कुणाला काही सांगायचं असेल तर जिना उतरून, मागांच्या मधून वाट काढत जाऊन, खांद्यावर थाप मारून कानाशी तोंड न्यावं लागे. शेठचं पोट मोठं आणि मागांमधल्या वाटा अरुंद. त्यामुळं हुकूम कमी निघत आणि कारखाना बरा चाले.

पण ते दिवस आणीबाणीचे होते. भिंतीभिंतीवर शिस्तीची वाक्यं रंगवली होती आणि जो तो आपल्याहून लहान माणसाला शिस्त लावत सुटला होता. शेठच्या मुंबईच्या जावयानं त्यांच्या डोक्यात एक भुंगा सोडला. परदेशात म्हणे गोठ्यात संगीत लावतात आणि गाई जास्त दूध देतात.

शेठ मला म्हणाले, "मास्तर, गाईला कळतंय तर आमच्या माणसांना न्हाय कळणार व्हय?"

"गाईच्या गोठ्यात माग नसतात शेठ," मी म्हणालो.

"तुमी सुरुवातीलाच नाट लावू नका की."

मग कारखान्यात कर्णा बसला. मीच बसवला. त्यावर बासरी लावली. मागांच्या आवाजात बासरी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. शेठ म्हणाले, वाढवा. वाढवली. मागांचा गोंगाट होताच, त्यात आता बासरीचाही गोंगाट मिसळला. शेजारच्या वाड्यातलं तान्हं पोर रडायला लागलं तेव्हा कर्णा उतरवला. मी आपला सहज म्हणालो, "असल्या जागी गाणं ऐकवायचं तर प्रत्येकाच्या कानाला बंद हेडफोनच लावायला पाहिजे." मी हे अशक्य गोष्ट म्हणून बोललो होतो. शेठनी ते ऑर्डर म्हणून घेतलं.

"करा. पण स्वस्तात," ते म्हणाले.

विकतचे बंद हेडफोन एवढ्या माणसांना घालायचे म्हणजे कारखाना विकावा लागला असता. म्हणून मी घरचे केले. बूटपॉलिशची मोठी डबी ही निसर्गानंच हेडफोनसाठी केलेली वाटी आहे. गोल, हलकी, मागून बंद, झाकणासकट. चांभारगल्लीतून रिकाम्या डब्या गोळा केल्या. आत टाकून दिलेल्या टेलिफोनचा कानाकडचा तुकडा. गादीला बाहेरून रेक्झिन, आत सुताचं वेस्ट, म्हणजे मागावरचा टाकाऊ सुताचा गुंता. ते सोलापुरात रस्त्यावर पडलेलं मिळतं. डोक्यावरची पट्टी जुन्या पेटीच्या पत्र्याची, वरून चादरीची किनार गुंडाळलेली. वायर छपराच्या पत्र्याखालच्या कैचीवरून खाली लोंबकळती ठेवली, म्हणजे माणूस दोन मागांमध्ये फिरला तरी ती पायात येणार नाही. दिसायला ते सगळं भयंकर दिसत होतं. पण गादी अशी टेकायची की सांगता सोय नाही. भंगारातल्या कुठल्याही विलायती मालापेक्षा माझी डबी जास्त बंद होती, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

स्वस्ताईसाठी शेठनी आणखी एक कात्री लावली. "दोन्ही कानांत गाणं कशाला? गाणं एकच हाय की." म्हणून उजव्या डबीत टेलिफोनचा तुकडा, आणि डावी डबी नुसतीच. आत वेस्ट भरलेलं, बाकी काही नाही.

पहिला हेडफोन नरसय्याला घातला. नरसय्या त्या कारखान्यातला सगळ्यात जुना विणकर. शांत माणूस. मार्कंडेयाच्या देवळात संध्याकाळी भजन चाले, तिथं तो वर्षानुवर्षं तबला वाजवत आला होता. पेठेत त्याला नरसय्या विणकर कुणी म्हणत नसे. नरसय्या तबला म्हणत. पण अलीकडं भजनी मंडळानं त्याच्याकडचा तबला काढून दुसऱ्याला दिला होता. तबला सुरात लावताना त्याचा अंदाज चुकायला लागला होता. मागावरून उठला की त्याच्या कानात सूं सूं आवाज सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत चालायचा, आणि त्या आवाजातून सूर कुठं लागतोय ते त्याला कळायचं नाही. देवळात तो आता मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवायचा. माझ्या दुकानात आला की मला ओरडून बोलावं लागे, आणि मी ओरडलो की तो ओशाळून इकडंतिकडं बघायचा. मला त्याची दया यायची, आणि दया आली की माणूस आणखीच मोठ्यानं ओरडतो.

आठवडाभरानं मी विचारायला गेलो. जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते. नरसय्या डबा सोडून बसला होता.

"कसं काय? ऐकू येतं ना गाणं?" मी ओरडलो.

"येतंय की," तो म्हणाला. "ह्या कानातलं बरं हाय. पण त्या कानातलं लई बरं हाय."

"अरे, डाव्या कानात काही नाहीच!"

"व्हय. तेच म्हनालोय."

तो हळूच म्हणाला, "मास्तर, उजव्यातलंबी काढून टाका की."

मी त्याला वेड्यात काढलं. गाणं नसलेला हेडफोन म्हणजे काय? मुंडावळ्या बांधून लग्नाला न जाण्यासारखंच ते. तो नुसता हसला, आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

दरम्यान शेठची प्रगती झाली. गाण्यांच्या तबकड्या चारच होत्या, त्या ऐकून ऐकून शेठच कंटाळले. एके दिवशी त्यांनी सहज माइक जोडायला लावला आणि बोलून बघितलं. खाली पंचवीस माणसांनी एकदम वर पाहिलं. शेठच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे तेज आलं ते मी विसरणार नाही. जिना उतरायला नको, पोट आत घ्यायला नको, थाप मारायला नको. थेट कानात! त्या दिवसापासून बासरी बंद आणि शेठ सुरू.

"चार नंबर, तंबाखू नंतर. सात नंबर, सुताची कांडी संपली, झोपला काय बे? नरसय्या, हितं तिथं काय बघालास? कापडाकडं बघ." मध्येच वेळ उरला तर शिस्तीवर दोन शब्द. आळस हा शत्रू आहे, वगैरे. शेठना हे भिंतीवरून पाठ झालं होतं. स्वतःसाठी त्यांनी मुंबईहून खरा विलायती बंद हेडफोन मागवला, आपला आवाज कसा जातोय ते ऐकायला. मऊ गादी, काळी चकाकी. त्यातला आवाज ते अगदी बारीक ठेवत. तो घालून वरच्या केबिनमध्ये बसले की खाली पंचवीस मागांचा दणदणाट आहे हे त्यांच्या गावीही नसे. आवाज ज्यांच्या कानावर आदळत होता त्यांच्यासाठी बूटपॉलिशची डबी, आणि आवाज ज्यांच्या मालकीचा होता त्यांच्यासाठी मखमल. बरं, या विलायती वस्तूची खोड मी शेठनाही सांगितली होती. आपण ओरडतो ते कळत नाही म्हणून. शेठ म्हणाले, "मी ओरडतच न्हाय की!" हे त्यांनी ओरडून सांगितलं.

मग एका संध्याकाळी नरसय्या दुकानात आला. हेडफोन पिशवीत घालून आणला होता. तो फळीवर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, आता तरी काढा. दिवसभर माग बोलायचा. आता शेठबी बोलालाय. माग तरी शिव्या देत नव्हता."

"शेठला कळलं तर?"

"कसं कळंल? ते बोलतंय. ऐकत कुटं हाय?"

मी तरीही कां कू करत होतो. तेव्हा त्यानं आपल्या डाव्या कानावर बोट ठेवलं. "मास्तर, ह्या कानात आता संध्याकाळी सूं सूं कमी वाजतंय. ह्यात काय नव्हतं म्हनून. दुसरा कानबी तसाच वाचंल. मला तबला परत पाहिजे."

एवढं सरळ मागणं माझ्या दुकानात कुणी कधी केलं नव्हतं. लोक येऊन म्हणायचे खणखणीत पाहिजे, भारी पाहिजे, साहेबाला शोभेल असा पाहिजे. हा म्हणत होता, काही नको, आणि त्या काही नकोमध्ये त्याचं सगळं होतं. मी पकड घेतली, उजव्या डबीतला तुकडा उपसून काढला, जागी वेस्ट दाबून भरलं. वायर मात्र बाहेरून तशीच ठेवली. ती आत कुठंच जात नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसरा आला. मग दोघं. मग एकदम सहा. महिन्याभरात कारखान्यातले सगळे हेडफोन माझ्याकडून मुके होऊन गेले. मी आधी घाबरून विचारलं, "मागाचा आवाज न ऐकता काम कसं करता? धागा तुटलेला कसा कळतो?" तर म्हणाले, डबीमुळं धोट्याचा कर्कश आवाज गळून जातो, ठोका तसाच लागतो, ठोका हाताला कळतो, डोळ्याला कळतो. माझी वाटी ठोका ठेवत होती आणि किंकाळी काढून घेत होती. मी ठरवून असं काही केलं नव्हतं. पण श्रेय घ्यायला माझी हरकत नाही.

आणि गंमत अशी की कापड सुधारलं. माणसं कमी चिडत, डोकं कमी दुखे, चुका कमी होत. शेठना तर स्वर्ग दोन बोटं उरला. "माझ्या आवाजाचा गुण हाय," ते पेठभर सांगत सुटले. "माणसाच्या कानात थेट मालकाचा आवाज पडला पायजे. गाणंबिणं काय कामाचं न्हाय." केबिनमध्ये बसून ते रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत घसा फोडत आणि खाली पंचवीस माणसं मनापासून काहीही न ऐकता काम करत. इतका सुखी कारखाना मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी शेठनी ठरवलं की ही पद्धत इतरांनाही दाखवावी. पेठेतले चार-पाच कारखानदार आणि उद्योग खात्यातला एक साहेब, असे पाहुणे बोलावले. हार आणले, पेढे आणले. मलाही बोलावलं, कारण यंत्र माझं. मी पोट दुखतंय म्हणून सांगून पाहिलं. शेठ म्हणाले, पेढ्यानं बरं वाटेल.

पाहुणे केबिनच्या काचेपाशी उभे राहिले. खाली माग धडधडत होते. शेठनी विलायती हेडफोन चढवला, माइक तोंडाशी धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "सगळ्यांनी माग बंद करा, आणि पाहुण्यांना नमस्कार करा."

खाली कुणी मान वर केली नाही.

शेठ हसले. "परत एकदा सांगतो. माग बंद. नमस्कार."

सात नंबरनं कांडी बदलली. चार नंबरनं तंबाखू मळली. नरसय्या कापडावरून हात फिरवत होता, इतका शांत की देवळात बसल्यासारखा.

"नमस्कार!" शेठ गरजले. "ऐकू येत न्हाय काय बे? नमस्कार करा म्हनालोय! नमस्कार!!" केबिनमध्ये काचा थरथरल्या. साहेबानं दोन्ही कान दाबून धरले. शेठना पत्ता नव्हता. मुंबईची मऊ गादी त्यांचं रक्षण करत होती. खाली सगळं संथ चाललं होतं.

मग उद्योग खात्याचे साहेब जिना उतरले. आम्ही मागोमाग. साहेबांनी नरसय्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर घातला. नरसय्या माझ्याकडं बघत होता. साहेब डोळे मिटून उभे राहिले. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. त्यांनी हेडफोन काही काढला नाही. शेवटी शेठनीच तो त्यांच्या डोक्यावरून ओढून काढला, आपल्या कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू काळानिळा पडला. त्यांनी हात वर करून सगळे माग थांबवले.

"ह्यात काय वाजत न्हाय," ते म्हणाले. "ह्यात कायच वाजत न्हाय. मास्तर!"

सगळा कारखाना माझ्याकडं बघायला लागला. शेठनी आधी मला विचारलं, मग नरसय्याकडं वळले. "तू तोडलास काय बे? वायर तू तोडलीस?"

नरसय्यानं ओठ उघडले. मला दिसलं, तो खरं सांगणार होता. मग नुसता तबलाच नाही, माग पण गेला असता. त्या काळात शिस्तीच्या नावाखाली माणसाला कामावरून काढणं म्हणजे पेढा खाण्याइतकं सोपं होतं. मी पुढं झालो.

"शेठ, माल खराब निघाला," मी म्हणालो. "माझाच. टेलिफोनचे जुने तुकडे, ओल धरली त्यांनी. सगळेच गेले. या बिचाऱ्यांना कळलंही नसेल."

"मग ह्यांनी सांगितलं का न्हाय?"

"तुमची भीती शेठ. मालकाचा आवाज येत नाही असं कोण सांगणार?"

हे मात्र शेठना पटलं. आपल्याला सगळे घाबरतात हे ऐकून त्यांचा राग निम्मा झाला. उरलेला त्यांनी माझ्यावर काढला. चार कारखानदारांसमोर, साहेबासमोर, ते मला काय काय म्हणाले ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखं नाही. भंगारवाला ही त्यातली सगळ्यात सभ्य पदवी. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात एकदाच मी स्वतःच्या मालाला खराब म्हणालो, आणि तो माझ्या हातून झालेला सर्वांत चांगला माल होता. सांगतो, फार लागलं. अजूनही लागतं.

जाताना एक कारखानदार माझ्या कानाशी लागला. "मास्तर, तसले खराब झालेले एक-दोन हायत काय? आमचं घर मागांच्या वरच हाय. झोप न्हाय लागत."

शेठनी सगळे हेडफोन पोत्यात भरून माझ्या दारात आणून टाकले आणि फर्मान काढलं, यापुढं कारखान्यात कुणी कानावर यंत्र लावायचं नाही. शिस्त पुन्हा जिना उतरून खांद्यावर थाप मारायला लागली. पेठेत माझं नाव मुकामास्तर पडलं. रेडिओ दुरुस्तीला टाकताना लोक मुद्दाम विचारत, "वाजंल ना?" मी हसत असे, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पोतं मात्र दारात फार वेळ राहिलं नाही. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं एकेक करून आली, आणि प्रत्येकानं आपापला हेडफोन ओळखून नेला. मी विचारलं, "घालणार कुठं? बंदी आहे."

उत्तर मला चैत्रात मिळालं. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. कावळे सुद्धा सावलीत तोंड वासून बसतात. आणि अशा उन्हात, पत्र्याखाली, अंबादासशेठच्या कारखान्यातली पंचवीसच्या पंचवीस माणसं लोकरीच्या कानटोप्या घालून माग चालवत होती. टोप्या दोन्ही कानांवर चांगल्याच फुगलेल्या. घामाच्या धारा लागलेल्या. मी शेठचा रेडिओ परत द्यायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोर शेठनी नरसय्याला जवळ बोलावून विचारलं, "काय बे, एवढ्या उन्हात कानटोपी?"

"थंडी वाजालीय शेठ," नरसय्या म्हणाला.

"सगळ्यांनाच?"

"साथ हाय."

टोपी हे काही यंत्र नव्हे. शेठ त्याच्याकडं बघत राहिले, माझ्याकडं बघितलं, आणि कपाळाचा घाम पुसून निघून गेले.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाला केव्हातरी नरसय्या दुकानात आला. काम नव्हतं, सहजच. हातात तबला लावायची लहान हातोडी होती. देवळात चालला होता. मी सवयीनं ओरडलो, "काय नरसय्या, काय पाहिजे?"

तो दचकून मागं सरला. "ओरडू नका की मास्तर. ऐकू येतंय."

मी त्याला स्टूल दिलं. माझा रेडिओ चालू होता, कुणीतरी सतार वाजवत होतं. नरसय्या जरा वेळ मान कलती करून ऐकत बसला. मग म्हणाला, "मास्तर, ह्या रेडिओत मागनं एक घुंई वाजालीय. बारीक हाय. पण हाय."

"काहीतरीच काय," मी म्हणालो. दिवसभर तोच रेडिओ माझ्या कानाशी वाजत होता. मी आवाज कमी केला, वाढवला, कान अगदी जाळीला टेकवला. घुंई नव्हती. तो हातोडी घेऊन देवळात गेला, आणि मी नुसतं त्याच्या शब्दाखातर रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला. आत एक कंडेन्सर फुगलेला होता, आणि तो फुगला की रेडिओ घुंई करतोच. घुंई होती. अगदी तो म्हणाला तशीच असणार. मला ती ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर बूटपॉलिशच्या दोन रिकाम्या डब्या स्वतःच्या कानांसाठी बाजूला काढून ठेवल्या.